हेच अगत्याचे आमंत्रण समजू नये

मी, श्रीमती रिबका दानियल उजगरे, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, पूर्वी सरकारी परिचारिका व आता पेन्शनर, राहणार नेकनूर, तालुका व जिल्हा बीड, आज सोमवार दिनांक ९ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी पिठलं-भाकरी खाऊन, शुगरची गोळी घेऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसले आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आमच्या घरात जबरदस्ती करणारे माणूस एकच होते, ते म्हणजे मी.

कारण असे की, येत्या शनिवारी अंबाजोगाईला माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान आहे. तो म्हणाला, आजी, काही होणार नाही. हेच वाक्य मी छत्तीस वर्षे बायकांना सांगत आले, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला ठाऊक आहे.

तहसील कचेरीसमोर टेबल टाकून चाळीस वर्षे दस्त लिहिणारे त्रिंबकराव जोगदंड माझ्यासमोर बसले आहेत. त्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. ते सांगतात की कोणाला काय द्यायचे तेवढे लिहावे, का ते लिहू नये. मी म्हणाले, का तेच लिहायचे नसेल तर मरायचे तरी कशाला. त्यावर त्यांनी चहा मागितला.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही. त्रिंबकराव सांगतात की ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केल्यावर लग्न केले तर ते मृत्युपत्र कायद्याने आपोआप रद्द होते. हे सांगताना ते थोडे लाजले. मी लिहून देते की तसा माझा कोणताही विचार नाही, आणि असलाच तर तो ऑपरेशननंतर करीन.

कलम २. घर. नेकनूर येथील दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी व संडास, असे हे घर मी व माझे पती ख्रिस्तवासी दानियल यांनी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून बांधले. ते माझा मुलगा शमुवेल, घरी शमू, राहणार पुणे, यास देते.

शमूचे माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल वाद नाही. दर रविवारी फोनमध्ये त्याचे तोंड दिसते. त्याने मला मनगटावर बांधायचे घड्याळ पाठवले आहे. मी दिवसभरात किती पावले चालले ते त्याला पुण्यात बसून दिसते. गेल्या दिवाळीनंतर मी तापाने पडले तेव्हा त्याचा फोन आला की आई, आज दोनशेच पावलं कशी? त्याला आकडा कळला, पण मला पाणी द्यायला तो नव्हता. पाणी शेजारच्या अजमतबीने दिले. बरी झाल्यावर मी ते घड्याळ अजमतबीच्या शेळीच्या पायाला बांधले. संध्याकाळी शमूचा आनंदाने फोन आला, की आई, अकरा हजार पावलं, अशीच तब्येत सांभाळ.

म्हणून अट अशी की, शमूने वर्षातून पंधरा दिवस या घरात देहाने राहावे. देहाने म्हणजे न्हाणीत बसून अंघोळ करणे, ओट्यावर झोपणे, डास चावून घेणे, गिरणीत दळण नेणे व शेजारी कोणी आजारी असल्यास त्याच्या उशाशी बसणे. त्रिंबकराव म्हणतात, असली अट कोर्टाला तपासता येणार नाही. कोर्टाने तपासू नये. अजमतबी तपासेल.

बँकेतल्या ठेवीचा आकडा येथे लिहीत नाही, कारण त्रिंबकराव वाचत आहेत. अर्धी ठेव शमूला. उरलेल्या अर्ध्यातून आमच्या आरोग्य उपकेंद्रात बाळंतिणींसाठी गरम पाण्याची सोय करावी.

कलम ३. देहाने राहण्याची अट मी घातली, तिचे कारण लिहिणे भाग आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर डिसेंबरात पाळकसाहेब देहधारणावर प्रवचन देतात. देव माणूस झाला, या एका गोष्टीवर ते पाऊण तास बोलतात आणि त्यात माणसाच्या अंगाला लागणारे काहीच येत नाही. दूध नाही, लंगोट नाही, खोकला नाही. मी एकदा त्यांना विचारले, की त्या गोठ्यात बाळामागून पडलेली मरियेची वार कोणी पुरली? त्यांनी चष्मा पुसला आणि मागच्या बाईची विचारपूस करू लागले.

मी तीन हजारांवर बाळंतपणे केली आहेत. बाळ कसे येते ते मला पाळकसाहेबांनी सांगायला नको. रक्त, पाणी आणि नवऱ्याच्या नावाने शिव्या, अशा थाटात ते येते. देव आला तोही याच वाटेने आला, अशी आमची श्रद्धा आहे. मग त्याची नाळ कोणीतरी कापली असणार. त्याला कोणीतरी पालथे धरून पाठीवर थापटले असणार. त्याच्या पोटात मुरडा आला असेल, दात येताना जुलाब झाले असतील. मोठेपणी तो कितीतरी वर्षे गावात सुतारकाम करीत राहिला, आणि त्या काळात त्याने एकही प्रवचन दिल्याचे ऐकिवात नाही. लोकांच्या बाजा आणि नांगर दुरुस्त करीत असणार. बोटात कुसळ गेले की आईकडे हात पुढे करीत असणार.

वर बसून देवाला आपले सगळे दिसत होतेच. शमूच्या घड्याळापेक्षा त्याची सोय चांगली. निरोप सांगणारी माणसेही त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाठवली. तरी त्याला वाटले, एवढ्याने भागत नाही, आपणच गेले पाहिजे. पुस्तकातले देहधारण मला समजत नाही, पण घरातले समजते. माहीत असणे वेगळे आणि येणे वेगळे. येतो त्याला भूक लागते, झोप लागते, त्याचे पाय मळतात, आणि म्हणून त्याच्यासाठी कोणालातरी उठून चूल पेटवावी लागते. हे कलम शमूने दोनदा वाचावे.

कलम ४. मंडळीस. मंडळीचा व माझा वाद सन २०१६ च्या नाताळपासूनचा आहे. तोपर्यंत मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. दरवर्षी वेदीपुढे गव्हाणीचा देखावा होई. थर्माकोलचा गोठा, गुलाबी गालांचा प्लास्टिकचा बाळ, इस्त्री केलेल्या कपड्यातली मरिया आणि वरून अत्तराचा फवारा. गोठ्याला अत्तर मारणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. त्या वर्षी मी ठरवले की खरा कडबा, खरे शेण आणि खरी शेळी आणायची. शेळी अजमतबीची होती. तिला अजून महिना अवकाश आहे असे अजमतबी म्हणाली आणि मीही पोटावर हात ठेवून दुजोरा दिला. येथे कबूल करते की बायकांचे दिवस मला चेहऱ्यावरून कळतात, शेळीचे कळत नाहीत.

नाताळच्या सकाळी दुसरे गीत चालू असताना शेळी खाली बसली. तिसऱ्या कडव्याला तिची पाणमोट फुटली. पेटी वाजवणाऱ्याने डोळे मिटले होते, त्यामुळे तो वाजवत राहिला. मी पदर खोचला, मरिया झालेल्या मुलीच्या डोक्यावरची ओढणी काढून घेतली आणि वेदीपुढे गुडघे टेकले. पहिले करडू पायांकडून येत होते. मी हात घातला. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "सिस्टर, हे पवित्र स्थान आहे."

मी म्हणाले, "पहिल्या नाताळला तरी दुसरं काय झालं होतं, साहेब?"

मी हळूच म्हणाले होते, पण माईक चालू होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन करडे झाली, दोन्ही जगली. जानेवारीच्या सभेत माझे अध्यक्षपद गेले.

तरी मंडळीवर माझा राग नाही, थोडा आहे. मंडळीला मी माझी गोधडी देते. ती जुन्या साड्यांची असून तिच्यावर हळदीचा, तेलाचा व शमूच्या बालपणाचा डाग आहे. गव्हाणीतल्या बाळाला यापुढे चमकीच्या कापडाऐवजी या गोधडीत ठेवावे. गोधडी ड्रायक्लीन करू नये.

कलम ५. माझी हत्यारे. कात्री, चिमटे, बाळ वजन करायचा ताणकाटा व त्याची झोळी, पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी, हे सर्व उपकेंद्रातल्या पंचशीला वाघमारे या नव्या परिचारिकेस द्यावे. तिच्याकडे यंत्रे आहेत, पण वीज नसते तेव्हा ती माझ्याकडेच धावत येते. सूचना एकच. बाईच्या पोटाला हात लावण्याआधी आपले तळहात एकमेकांवर घासून गरम करावेत. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मला ती एका बाईने लाथ मारून शिकवली.

कलम ६. अजमतबीस. ही माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत आहे आणि ती पडलेल्या जागेतून आमचे येणे-जाणे आहे. गेल्या दिवाळीनंतरच्या तापात अकरा दिवस ती त्या जागेतून आली. माझे अंग पुसले, मला भरवले, मी ओकले ते धुतले आणि वर मलाच दम दिला की सिस्टर असून पेशंटसारखं वागता येत नाही. तिला माझी बाज, शिलाई मशीन व माझ्या परसातले लिंबाचे झाड देते. शमूने ती भिंत बांधून घेऊ नये. बांधल्यास कलम २ रद्द समजावे.

कलम ७. माझी माती. मला न्हाऊ घालताना पाणी गरम असावे. थंड पाणी मला कधीच सोसले नाही. पाळकसाहेब प्रत्येक मातीला सांगतात की देह हे केवळ टरफल आहे, जुना अंगरखा आहे. माझ्या मातीला असे म्हणू नये. हे गुडघे उपकेंद्राच्या फरशीवर झिजले आहेत. या हातांत तीन हजार लोकांनी पहिला श्वास घेतला आहे, त्यातले दोघे आज सरपंच आहेत. देवाने जे अंगावर घेतले त्याला टरफल म्हणणे मला पटत नाही. मातीला ज्यांना यायचे त्यांनी समक्ष यावे. फोनवर हात जोडलेले चित्र पाठवणाऱ्याला नंतर जेवायला वाढू नये.

त्रिंबकराव विचारतात की तुमच्या बहिणीचे राहिले का? मी त्यांना सांगितले की राहिले नाही, ठेवले आहे.

कलम ८. माझी धाकटी बहीण दीना भास्कर शिनगारे, निवृत्त शिक्षिका, राहणार अंबाजोगाई. तिला काहीही देत नाही.

कारण. दीनाची मुलगी रूपाली ही माझ्या हातची आहे. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन आली होती आणि निळी पडली होती. मी तोंडाने फुंकर घालून तिला रडवले. सन २०१५ च्या मे महिन्यात तिचे लग्न ठरले. आमच्याकडे आवतण घरी येऊन देतात. दारात यावे, पत्रिका हातात ठेवावी, टेकावे, चहा घ्यावा, तेव्हा ते आवतण होते. सख्ख्या मावशीकडे तर साडी घेऊन यायला हवे. दीनाने मला पत्रिकेचा फोटो फोनवर पाठवला. मी तो बोटांनी मोठा केला. मधोमध छापले होते की धावपळीत समक्ष येणे न झाल्यास हेच अगत्याचे आमंत्रण समजावे. तेवढी ओळ वाचली आणि फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकून वर झाकण लावले. तो फोन पुन्हा चालू झाला नाही.

लग्नाच्या दिवशी मोरपंखी साडी नेसून मी आपल्याच ओट्यावर बसले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे की मी तयार होते. शमूने ते लग्न फोनवरच पाहिले. तेव्हापासून नऊ वर्षे दीना माझ्याशी बोललेली नाही व मी तिच्याशी बोललेली नाही. रूपालीला दोन मुले झाली. दोन्ही वेळा दुसऱ्या कोणाचे हात होते. हे मला फार लागले आहे.

देव एवढा मोठा असून स्वतः आला, आणि दीनाला अंबाजोगाईहून नेकनूरपर्यंत एसटीने येता येऊ नये? हा प्रश्न मी त्रिंबकरावांना विचारला. ते म्हणाले, हा प्रश्न कायद्याचा नाही.

बुधवार, दिनांक ११. वरील कलम ८ मला लिहून झाल्यावर फार आवडले, म्हणून अजमतबीला वाचून दाखवले. ती परसात तांदूळ निवडत होती. मी देवाचा मुद्दा दोनदा वाचला. ती खडे बाजूला काढत राहिली आणि मग म्हणाली, "सिस्टर, आमच्यात असं मानत न्हाईत. पण तुमी मानता ना? मग मला एक सांगा. गलती कोणाची होती, अन् आलं कोण?"

मी म्हणाले, चूक माणसांची होती. आला देव.

"मग तुमी काहून बसून ऱ्हायलात?"

मला तिचा भयंकर राग आला. घरी येऊन दुपारी जेवले नाही. एवढी वर्षे मी प्रवचने ऐकली, गीते पाठ केली, गोठ्यात शेळी बांधली, आणि एवढी साधी गोष्ट मला तांदूळ निवडणाऱ्या बाईने सांगावी, तीही ते न मानणाऱ्या बाईने. चारच्या सुमारास तिनेच डाळ-भात आणून दिला. मी तो खाल्ला, पण तिच्याशी बोलले नाही.

मग हे लिहिले. कलम ८ रद्द. सुधारित कलम ८ येणेप्रमाणे. दीनाला आमच्या आईचे पितळी घंगाळ देते. आम्ही दोघी बहिणी त्यात न्हालो व रूपालीची पहिली अंघोळही त्यातच झाली. आई गेल्यावर दीनाने ते मागितले होते आणि मी दिले नव्हते. पत्रिकेच्या बाबतीत चूक सर्वस्वी तिचीच आहे, हे कायम ठेवून, आणि मी निर्दोष असल्यामुळेच, मी स्वतः तिच्या दाराशी जाईन. दवाखाना तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

शुक्रवार, दिनांक १३. पुढचे दीनाच्या घरी बसून लिहीत आहे.

सकाळच्या एसटीने केजमार्गे निघाले. सोबत त्रिंबकराव, कारण सहीला साक्षीदार हवेत. वाटेत मी त्यांना सांगितले की मी तिथे काय बोलणार आहे. मोठ्या मनाने, शांतपणे, दीनाला माफ करणार आहे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

दीनाने दार उघडले. केस पांढरे झाले आहेत. तिने मला पाहिले, माझ्या हातातली दवाखान्याची पिशवी पाहिली आणि विचारले, "जेवलीस का?" मी म्हणाले, जेवले. जेवले नव्हते. तिने ताट वाढले. त्रिंबकरावांनाही वाढले. भाजी खारट होती, पण मी बोलले नाही, यावरून माझी मनःस्थिती समजावी.

जेवण झाल्यावर मी ठरवलेले बोलायला लागले. फोटो, समक्ष येणे, साडी, पिठाचा डबा, सगळे. मग म्हणाले की तरीही मी तुला माफ करते. दीना उठली, आतल्या कपाटातून लग्नाची पत्रिका घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. नऊ वर्षांत मी ती पहिल्यांदा हातात घेतली. कुंकवाचे बोट लागलेले नव्हते, आमच्यात लावत नाहीत, पण कोपरे पिवळे पडले होते. दीना म्हणाली, "खालपर्यंत वाच."

अगदी तळाला, निमंत्रक या शब्दाखाली, पहिले नाव होते श्रीमती रिबका दानियल उजगरे, मावशी. दीनाचे आणि भास्कररावांचे नाव त्याच्याखाली होते.

"आवतण बाहेरच्याला देत्यात, आक्का," दीना म्हणाली. "तू घरची. तुझ्या नावानं समद्या तालुक्याला आवतण गेलतं, अन् तूच आली न्हाईस. फोटो पाठवलता ते छपाई नीट झाली का ते बघायला. मंडपात लोक मला इचारायले, पहिल्या नावाच्या बाई कुठं हायत. मी काय सांगू?"

मी पत्रिका तीनदा वाचली. नाव तेच राहिले. त्रिंबकराव चाळीस वर्षे लोकांना सांगतात की सही करण्याआधी शेवटची ओळ वाचा, पण त्या वेळी ते काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी देवाच्या थाटात घरून निघाले होते. चूक नसलेली मी, चूक असलेल्या बहिणीकडे. आणि इथे येऊन कळले की आमच्या दोघींत देवासारखे वागायची पाळी दीनाची आहे. मला फार लाज वाटली. मी माफी मागितली. आयुष्यात फारशी मागितलेली नाही, त्यामुळे ती नीट जमली नाही. मध्येच रडू आले आणि मध्येच मी म्हणाले की पत्रिकेवरची अक्षरे फार बारीक होती. दीना म्हणाली, होती. मग तिने माझ्या पायांकडे पाहिले. एसटीत सुजून भाकरीसारखे झाले होते. ती पाणी तापवायला गेली.

संध्याकाळी सहीचे काढले. उद्या सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचे आहे. साक्षीदार दोन लागतात. एक त्रिंबकराव, त्यांना मी जाणूनबुजून काही दिलेले नाही. दुसऱ्यासाठी मी त्रिंबकरावांना न विचारताच शमूला फोन लावला. तो म्हणाला, मी व्हिडिओवर बघतो आणि सही स्कॅन करून पाठवतो. त्रिंबकराव म्हणाले, "तसं चालत नाही, साहेब. साक्षीदारानं इथं बसावं लागतं. सही होताना डोळ्यांनी बघावं लागतं." तेव्हा माझ्या लक्षात आले की पाळकसाहेबांपेक्षा सरकारला हा विषय जास्त कळतो. शमूने फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्याचा निरोप आला की तो पुण्याहून गाडीत बसला आहे. बघू.

दीना म्हणाली, मी करते सही. त्रिंबकरावांनी तिला थांबवले. त्यांनी समजावून सांगितले की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर ज्याने साक्ष घातली, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मृत्युपत्र टिकते, त्याच्या नावचे दान तेवढे जाते. बाईंनी तुम्हाला घंगाळ दिले आहे. सही केलीत तर ते गेले, शमूसाहेबांनी केली असती तर घर गेले असते. ते म्हणाले, पाच मिनिटे थांबा, शेजारच्या कोणाला तरी बोलावून आणतो.

दीनाने विचारले, कुठलं घंगाळ, आईचं? मी म्हणाले, हो. तिला ते किती हवे होते ते मला माहीत आहे. आईच्या मातीच्या दिवशी ती त्याला धरून रडली होती, आणि मी ते माझ्या पिशवीत घातले होते.

मी तिला म्हणाले, सही करू नकोस. शेजारी येतील.

"नऊ सालं मी भांड्याची वाट न्हाई बघितली, आक्का," ती म्हणाली. "पेन दे."

सबब, वर लिहिलेले सर्व माझ्या इच्छेने, माझ्या हाताने व माझ्या अकलेप्रमाणे लिहिले असून, त्यातल्या अकलेबद्दल कलम ८ खालील मजकूर ग्राह्य धरावा. दीनाने साक्ष घातल्याने तिला काही मिळत नाही, याची मला, तिला व त्रिंबकरावांना पूर्ण कल्पना आहे. या पानावर मी दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर, याच खोलीत, एकाच सतरंजीवर बसून सह्या केल्या.

(सही) रिबका दानियल उजगरे

साक्षीदार :

१) (सही) त्रिंबक जोगदंड, दस्तलेखक, राहणार बीड

२) (सही) दीना भास्कर शिनगारे, लिहून ठेवणारीची सख्खी बहीण, राहणार अंबाजोगाई

ठिकाण : दीनाचे घर, अंबाजोगाई
दिनांक : १३ डिसेंबर २०२४

साक्षीदार क्रमांक दोनचा शेरा, त्रिंबकराव नको म्हणत असताना लिहिलेला : आक्काने उद्या शुद्धीवर आल्यावर हा कागद फाडून टाकावा. घंगाळ मला पाहिजे आहे. ते तिने नेकनूरहून स्वतः घेऊन यावे. — दीना